खोक्यातून आलेली मोटार

दोस्तांनो, समजा तुमच्या घरी नवी मोटार यायची आहे. सगळं घर वाट बघतंय. हार आणून ठेवलाय, नारळ तयार आहे, आजी ओवाळायला ताट घेऊन उभी आहे. आणि दारात येतो एक टेम्पो! टेम्पोतून उतरतात ती खोकी. एका खोक्यात स्टिअरिंग, दुसऱ्यात दिवे, तिसऱ्यात नट-बोल्टच्या पुड्याच पुड्या आणि सगळ्यात शेवटी लोखंडी नळ्यांचा एक लांबट पिंजरा. टेम्पोवाला कागदावर सही घेतो आणि म्हणतो, "झाली तुमची गाडी पोचती!" आता नारळ फोडायचा तरी कशावर?

हसू नका. इंग्लंडमध्ये अशी खोकी घरी आली की लोक चक्क खूश होतात. पैसे मोजून, वाट पाहून ती मागवतात आणि मग आपल्याच गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने खपून त्यांची मोटार करतात. ह्या मोटारींना म्हणतात 'कीट कार'. त्यातली सगळ्यात गाजलेली आहे 'सेव्हन'. तिला छप्पर नाही, धड दारं नाहीत. बसायला दोनच जागा. दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले आणि पुढच्या चाकांवर सायकलसारखी मडगार्डं. पाहिल्यावर वाटतं, कुणी तरी मोटार करता करता मध्येच जेवायला उठून गेलंय. पण वळणावळणाच्या रस्त्यावर हिच्यासोबत राहताना भल्या भल्या महागड्या गाड्यांना घाम फुटतो.

हे कसं काय? त्यासाठी आपल्याला १९४८ साली लंडनला जावं लागेल.

कॉलिन चॅपमन नावाचा वीस वर्षांचा मुलगा तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनीअरिंग शिकत होता. मोटारीचं नव्हे हं, बांधकामाचं! पूल, कैच्या, खांब हा त्याचा अभ्यास. त्याच्याकडे एक जुनी ऑस्टिन सेव्हन होती. मैत्रीण हेझल हिच्या आईवडलांच्या घरामागे एक गॅरेज होतं. तिथे त्याने ती ऑस्टिन सोडवली आणि शर्यतीत पळेल अशी नवी गाडी तिच्यातून उभी केली. (ह्या भानगडीत शेवटच्या परीक्षेत गणिताचा पेपर राहिला आणि पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. ही गोष्ट आईबाबांना वाचून दाखवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.) पुढे १९५२ साली त्याने 'लोटस' नावाची कंपनी काढली, वडलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. भांडवलाचे पंचवीस पौंड हेझलने उसने दिले होते. पुढे दोघांनी लग्न केलं आणि त्या तबेल्यातून निघालेल्या लोटसने फॉर्म्युला वनची संघांची अजिंक्यपदं सात वेळा जिंकली.

१९५७ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात चॅपमनने 'लोटस सेव्हन' लोकांपुढे आणली. आता इथे एक मजा झाली. इंग्लंडात तेव्हा तयार मोटारीवर जबर खरेदी-कर होता. पण सुट्या भागांवर? नव्हता! म्हणजे तयार सेव्हन घ्यायला हजार पौंडांच्या वर पडायचे आणि तीच सेव्हन खोक्यांत भरून घेतली तर साधारण निम्म्यात काम. मात्र सरकारही काही दुधखुळं नव्हतं. त्यांनी अट घातली, की सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. दिल्या तर ती तयार गाडी धरू. मग चॅपमनने काय केलं म्हणे? त्याने जोडणीच्या सूचना दिल्याच नाहीत. त्याने दिल्या गाडी 'सोडवण्याच्या' सूचना! घेणाऱ्याने त्या कागदाच्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचत जायचं, की झाली गाडी तयार. हा किस्सा सेव्हनवाले आजही एकमेकांना रंगवून सांगतात.

पण करातली पळवाट हा काही सेव्हनचा मोठेपणा नव्हे. तो आहे तिच्या वजनात.

तुम्ही सायकलवरून शाळेत जाता ना? कॅरिअरला पुस्तकांनी गच्च भरलेलं दप्तर असतं तेव्हा चढ कसा लागतो, आणि रविवारी मोकळी सायकल घेऊन निघालात तर तोच चढ कसा लागतो, आठवून बघा. पाय तेच, सायकल तीच. वजन कमी झालं की तीच ताकद जास्त पुरते. आता उतारावरून येताना ब्रेक दाबा: मोकळी सायकल लवकर थांबते. वळण घ्या: मोकळी सायकल चटकन वळते. चॅपमनचं सगळं शहाणपण एवढंच होतं. मोठं इंजिन बसवलं तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल. वजन काढून टाकलं तर ती सरळ रस्त्यावर, वळणावर, ब्रेक लावताना, सगळीकडेच सुधारेल.

आकडेच बघू. आपली मारुती ८०० आठवते? तुमच्या नसली तरी आईबाबांच्या आठवणीत नक्की असेल. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, साधारण ३७ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन जवळजवळ ६५० किलो. टनाला किती अश्वशक्ती पडली? सत्तावन्नच्या आसपास. आता २०२१ मध्ये आलेली सेव्हन १७० घ्या. गंमत म्हणजे हिचंही इंजिन सुझुकीचंच आणि तीनच सिलिंडरचं. शिवाय आकाराने मारुतीपेक्षा लहान, ६५८ सीसी! पण त्याला टर्बो आहे, म्हणून ८४ अश्वशक्ती देतं. आणि गाडीचं वजन फक्त ४४० किलो. करा भागाकार. टनाला एकशेनव्वद! थांबलेली ही गाडी सात सेकंदांच्या आत ताशी ९६ किलोमीटरचा वेग घेते. मात्र इतक्या हलक्या गाडीत एखादे सत्तर किलोचे काका शेजारी येऊन बसले, की गाडीचं वजन एकदम सहाव्या हिश्शाने वाढतं आणि चालवणाऱ्याला ते प्रत्येक वळणावर कळतं.

वजन कमी करायचं म्हणजे भाग काढून टाकायचे, हे सोपं. पण गाडी लेचीपेची होऊ द्यायची नाही, हे अवघड. इथे चॅपमनला कॉलेजातल्या पुलांचा अभ्यास उपयोगी पडला.

आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या. टोकांना टाचण्या टोचून चौकोन करा आणि एक कोपरा दाबा. चौकोन लगेच तिरका होऊन बसतो. आता पाचवी, जरा लांब काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी टाचा. दोन त्रिकोण झाले. आता दाबून बघा! काडी मोडेल, टाचणी निघेल, पण आकार हलणार नाही. गणपतीच्या मांडवात चार बांबू उभे केल्यावर मंडपवाला एक तिरपा बांबू का बांधतो, हे आता कळलं? रेल्वेच्या गर्डर पुलात, विजेच्या उंच मनोऱ्यात, जुन्या घराच्या छपराच्या कैचीत तोच त्रिकोण असतो. सेव्हनचा तो पिंजरा म्हणजे अशाच बारीक पोकळ नळ्यांचे त्रिकोण जोडून केलेली चौकट. तिला 'स्पेसफ्रेम' म्हणतात. सेव्हनच्या आधीची लोटस होती मार्क सिक्स. तिची नुसती चौकट अवघी पंचवीस किलोंची होती. म्हणजे तिसरी-चौथीतल्या पोराएवढी! तिच्यावर अॅल्युमिनिअमचा पातळ पत्रा रिव्हेटने ठोकला, की झालं गाडीचं अंग.

बरं, आता खोकी उघडू. पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही बरं का, मोजण्याचं आहे. यादीतली एकेक वस्तू काढून टिक करायची. एखादा बुश कमी निघाला तर तो महिन्याने रात्री अकरा वाजता कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेला बरा. मग चौकट घोड्यांवर चढवायची. पुढच्या चाकांच्या कैच्या, स्प्रिंगा, स्टिअरिंगचा रॅक बसवायचा. मागे डिफरन्शिअल बसवायचा. हा प्रकार भलताच जड आणि अडचणीच्या जागेत. तो बरोबर मधोमध यावा म्हणून वॉशर घाला, मोजा, काढा, पुन्हा घाला, असं चालू राहतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडून, चेनपुलीने उचलून, तिरके करून आत सोडावे लागतात. तेव्हा एकाने साखळी सांभाळायची, दुसऱ्याने इंजिन वळवायचं आणि तिसऱ्याने नुसतं "पत्रा सांभाळा, पत्रा!" असं ओरडायचं. अनुभवी माणसालाही सगळ्या जोडणीला शंभरेक तास सहज लागतात. रोज संध्याकाळी दोन तास दिले, तर दोन महिने झाले की!

ह्या सगळ्यात दोन गोष्टींत चालढकल अजिबात चालत नाही. एक म्हणजे बोल्ट आवळणं. आपल्याला वाटतं, जितका घट्ट तितका चांगला. चूक! बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच धरून ठेवतो. कमी आवळला तर हादऱ्यांनी सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात, नाही तर बोल्टच तुटतो. म्हणून टॉर्कचा पाना वापरतात. ठरलेल्या जोरावर तो 'कट्' असा आवाज करतो की थांबायचं, आणि त्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढायची. रेघ नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही, असं समजायचं. मग कुणी कितीही शपथेवर सांगो.

दुसरी गोष्ट ब्रेकमधली हवा काढणं. सुई नसलेली एक रिकामी सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, तोंडाला बोट लावा आणि दट्ट्या दाबा. पाणी दबत नाही. आता नुसती हवा घेऊन दाबा. दबते! पायाखालचा जोर ब्रेकच्या नळीतलं तेल चाकापर्यंत नेतं. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर आपण पेडल दाबतो आणि दबतो फक्त बुडबुडा, गाडी मात्र चालतच राहते. म्हणून एकजण पेडलवर, एकजण चाकापाशी. "दाब... धरून ठेव... सोड." तेलात एकही बुडबुडा येईनासा होईपर्यंत हेच चारही चाकांना. कंटाळवाणं आहे, पण ह्या कामात कंटाळा केलेल्याच्या शेजारी कुणीही बसू नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्यांचं, पैसेवाल्यांचं. तर मग ही एका शाळेतली गोष्ट ऐका. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये आउंडल नावाची शाळा आहे. जुनी आणि आपल्या कार्यशाळांसाठी प्रसिद्ध. तिथे मुलांना वेल्डिंग, लेथ शिकवायची प्रथा शंभराहून जास्त वर्षांची. तिथे शिकवणाऱ्या रॉन चॅम्पियन ह्यांनी मुलांच्या हातून सेव्हनच्या धर्तीची गाडी करवून घ्यायला सुरुवात केली. कंपनीची खोकी न आणता! भंगारात निघालेली फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंग काढायचं. साधारण इंचभर जाडीच्या चौकोनी लोखंडी नळ्या हॅकसॉने कापायच्या, कानशीने घासायच्या, लाकडी फळीवर आराखडा काढून त्याच्यावर मांडायच्या आणि वेल्डिंग करून चौकट उभी करायची. १९९६ साली ह्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. अडीचशे पौंडांइतक्या कमी खर्चात स्वतःची स्पोर्ट्स कार करा, असं त्याच्या नावातच होतं. पुस्तक तुफान खपलं. पुस्तक वाचून केलेल्या गाड्यांना लोक 'लोकॉस्ट' म्हणू लागले. 'लो कॉस्ट' म्हणजे स्वस्त आणि 'लोटस', दोन्ही शब्द एकात! त्यांच्या वेगळ्या शर्यतीही सुरू झाल्या. अडीचशे पौंडांत गाडी उरकायची तर भंगारातून नशीबवान खरेदी करावी लागते, हे खरं. टायर आणि रंग ह्यांनीच पुष्कळांचा हिशेब चुकवला. पण आपल्या हाताने जोडलेल्या नळ्यांवर बसून पोरं शर्यतीत उतरली, हे काय थोडं झालं?

आता चालवायला कशी वाटते? आधी आत शिरायचं कसं, हाच प्रश्न. बाजूवरून पाय टाकून सीटवर उभं राहायचं आणि मोज्यात पाय घालावा तसं खाली सरकायचं. बसलात, की इतके खाली बसता की हात बाहेर सोडला तर रस्ता लागेल. बाहेरून बाजूने सायलेन्सरचा पाइप गेलेला असतो. उतरताना पोटरी टेकली की चटका! सेव्हनवाल्यांच्या पायांवर ही खूण सापडतेच. पाऊस आला तर कापडी टप चढवायचा, पण तो चढवेपर्यंत भिजून होतं. सामान ठेवायला जागा म्हणाल तर दोन पिशव्या. आणि समोरून वारा अडवायला एवढीशी काच. ताशी शंभरच्या पुढे सेव्हन हवेत एखाद्या विटेसारखी जाते, म्हणून तिचा वरचा वेग फारसा मोठा नसतो. पण स्टिअरिंग बोटभर हलवलं की गाडी बोटभर वळते. रस्त्यावरचा खडा न्‌ खडा हातांना कळतो. ताशी साठवर असताना शंभरची मजा येते, असं चालवणारे म्हणतात.

हलकेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. विशेषतः ही पानं वाचणाऱ्या आईबाबांच्या मनात ती आलीच असेल. चॅपमन भाग इतके हलके करायचा, की त्याच्या शर्यतीच्या गाड्या मोडतात अशी ओरड त्याच्या हयातीतच होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझाला सरावाच्या वेळी योखेन रिंट हा लोटसचा ड्रायव्हर मरण पावला. तपासात पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं आढळलं. रस्त्याकडेचे कठडे नीट बसवलेले नव्हते, हेही कारण निघालं. रिंटचे गुण तोवर इतके झाले होते की त्या वर्षीचा जगज्जेता तोच ठरला. मरणोत्तर जगज्जेता झालेला फॉर्म्युला वनचा तो एकमेव ड्रायव्हर. साध्या सेव्हनलाही एअरबॅग नसतात. समोरून ट्रक आला तर चारशेचाळीस किलो म्हणजे काहीच नव्हे. मला स्वतःला सेव्हन फार आवडते. पण गर्दीच्या हायवेवर रोज चालवायची ती गाडी नव्हे, असंच माझं मत आहे.

म्हणूनच इंग्लंडात घरी केलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. तिथे अशा प्रत्येक गाडीची एकेकटी तपासणी होते. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, सीटबेल्टची पकड, सगळं बघतात. एखादी कड धारदार असली तरी नापास! कारण त्या कडेला उद्या रस्त्याने चालणारं पोर लागू शकतं. त्यामुळे तपासणीच्या आदल्या रात्री उघड्या बोल्टांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवत बसणं हा सेव्हनवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो.

लोटसने १९७३ साली सेव्हनचे हक्क केटरहॅम ह्या आपल्याच विक्रेत्याला देऊन टाकले. त्याच वर्षी इंग्लंडात नवी करपद्धत आली आणि कीटची ती करसवलत गेली. आता हे प्रकरण संपणार, असं वाटेल. पण नाही! पैसे वाचत नसतानाही लोक खोकी मागवतच राहिले. केटरहॅम आजही सेव्हन करते, तयार आणि खोक्यांत, दोन्ही. २०२१ पासून ही कंपनी एका जपानी उद्योगाच्या मालकीची आहे.

आपल्याकडे काय? आपल्याकडेही सेव्हनची एक बहीण होऊन गेली, तीही थेट अलिबागला! ह्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीची 'रोडस्टर' काढली. अंग फायबरग्लासचं आणि इंजिन इसुझूचं, १.८ लिटरचं. तेच, जे आपल्या अँबॅसडरला यायचं! अँबॅसडरच्या इंजिनावर स्पोर्ट्स कार, बोला.

पण घरी गाडी करून ती रस्त्यावर आणणं आपल्या कायद्यात बसत नाही. नव्या नमुन्याच्या गाडीला पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेत तपासून मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या चाचण्या एकट्या माणसाच्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी केल्याची बातमी आली होती. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी! आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण नियमात बसत नसल्यामुळे ती आज ना उद्या रस्त्यावरून हटवावी लागेल, असंही सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला ती मिळाली. मला अजून वाटतं, की इंग्लंडातल्यासारखी एकेकट्या गाडीची परवडणारी तपासणी आपल्याकडे असती, तर ती किकवाली गाडी पास झाली असती की नापास? बघायला आवडलं असतं.

रस्त्यावर नाही, पण बंद ट्रॅकवर मात्र आपली मुलंमुली दरवर्षी गाड्या करून उतरवतात. इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी २००७ पासून 'बाहा' आणि २०११ पासून 'सुप्रा' ह्या स्पर्धा भरतात. पुण्यामुंबईच्या टीमा त्यांत असतात; आयआयटी मुंबईची टीम तर इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला विजेवर चालणारी गाडी घेऊन गेली आहे. ट्रॅकवर जाण्याआधीची परीक्षा कडक असते. गाडी एका फळीवर ठेवून साठ अंशांपर्यंत कलती करतात. तेलाचा थेंब गळला तरी परत जा. ड्रायव्हरने पट्टे बांधून, हेल्मेट घालून बसायचं आणि शिट्टी झाली की पाच सेकंदांत बाहेर पडायचं. आणि परीक्षक हात लावतील त्या प्रत्येक नळीबद्दल विचारतात: ही इथे कशाला? हिचं वजन किती? काढली तर काय होईल?

तुमच्या गावाजवळच्या कॉलेजात अशी टीम असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपच्या दारात जाऊन "ताई, दादा, गाडी बघू का?" म्हणून विचारा. बहुतेक आत घेतीलच. चपला नकोत, बूट घालून जा, आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा तिथे कुणी झोपलेलं नसतं.